उमरीकर बाईंचा उंबरा

आमच्या कॉलेजात आनंदाची बातमी उमरीकर बाईंपासून लपवून ठेवायची पद्धत होती. कुणी पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला, "बहिणीचं जमलं, मुलगा पाटबंधारे खात्यात आहे" असं सांगू लागला, की बाई पेढा घेत, त्याचे दोन तुकडे करत, आणि पहिला तुकडा तोंडात टाकण्याआधी विचारत, "तिला विचारलं का?"

विचारण्यात खोच नसायची. नळाला पाणी आलं का, हे ज्या स्वरात विचारतात त्याच स्वरात विचारायच्या. पण पेढेवाल्याचा चेहरा उतरायचा. "म्हणजे काय बाई, तिच्या भल्याचंच आहे की." बाई मान डोलवायच्या. "ते झालंच. पण विचारलं का?" भूगोलाच्या जाधवांनी मेहुणीच्या साखरपुड्याचे पेढे बाईंचा तास चालू असताना वाटून टाकले आणि बाईंच्या वाट्याचा पेढा स्वतःच खाल्ला.

मी इंग्रजी शिकवायचो. माझ्या आणि बाईंच्या वर्गात भिंत नव्हती, नुसतं लाकडी पार्टिशन होतं. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना इंग्रजी कितपत आलं हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मंगोलांच्या बायकांवर प्रश्न आला असता तर त्यांतला एकही नापास झाला नसता.

पोलीस ॲक्शनला बरीच वर्षं उलटली होती. गावाला आता नवं नाव आहे, तेव्हा ते औरंगाबाद होतं. बाईंचे वडील निजामाच्या तहसिलीत कागद मांडणारे पेशकार. घरात पूजा संस्कृतात, कागद उर्दूत, आणि वडिलांचे स्नेही असलेले एक मौलवी शुक्रवार सोडून रोज पडवीत बसून या मुलीला फारसी शिकवायचे. ती नीट वाचता येऊ लागली आणि निजामाचं राज्य गेलं. फारसी जाणणारी माणसं एकाएकी बंद झालेल्या नाण्यासारखी झाली. बाई मला म्हणायच्या, "राज्य गेलं ते बरंच झालं. जीव मुठीत धरून काढलेत आम्ही ते दिवस. पण शिकलेलं कुठं टाकू, धारूरकर? ती काय शिळी भाकरी आहे?"

मग त्या चंगीझखानाच्या वंशजांच्या पदरी असलेल्या इराणी बखरकारांकडे वळल्या. अख्ख्या मराठवाड्यात ते वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि वाचायची कुणाला गरजही वाटत नव्हती. आमचे संस्थाध्यक्ष अण्णासाहेब एकदा त्यांना म्हणाले, "बाई, कुठले ते मंगोल? आपल्या मातीतलं काही घ्या."

"मोगल म्हणजेच मंगोल की हो," बाई म्हणाल्या. "त्यांच्या गावात आपण राहतो, त्यांच्या पाणचक्कीला पाहुणे नेतो. त्यांच्या पणज्यांची चौकशी केली तर बिघडलं कुठं? आणि चंगीझखानाशी त्यांचं नातं आईकडून. रक्त आईचं, मिरवणूक बापाची."

अण्णासाहेब हसले. ते अशा वेळी नेहमी हसत, कारण त्यांची भाषणं बाई लिहीत.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नसे. अण्णासाहेब वकील होते, धिप्पाड होते, त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे, आणि त्यांच्याकडे म्हणण्यासारखं काही नसे. बाईंकडे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, पण व्यासपीठावर बायकांना बोलवायची प्रथा नव्हती. त्या दोघांचा व्यवहार चोख चालायचा. एका भाषणामागे ग्रंथालयात फारसीचं एक पुस्तक.

दर वर्षी बाई मुलांना मकबऱ्यावर न्यायच्या. पुरुषी काळी छत्री त्यांच्या हातात बारा महिने असे, ऊन असो नसो. ती घुमटाकडे रोखून म्हणायच्या, "ही बाईला मेल्यावर मिळालेली जागा. छान आहे, संगमरवर आहे. आता जिवंतपणी कुणाला किती जागा मिळाली ते बघू." आणि मुलं घुमटाकडे पाठ करून मातीत बसायची, आणि बाई छत्रीच्या टोकानं जमिनीवर मंगोलांचा तंबू काढायच्या. दार दक्षिणेला. पश्चिमेला पुरुषांची बाजू, पूर्वेला बायकांची. "तंबू कुणाचा?" त्या विचारायच्या. मुलं म्हणायची, खानाचा. "चूक. तंबू बायकोचा. खानाला जेवढ्या बायका तेवढे तंबू, आणि त्याचा स्वतःचा एकही नाही. तो आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पाहुणा तो."

तळ हलला की तंबू उतरवायचा बायकांनी, गाड्यांवर चढवायचा बायकांनी, बैल हाकायचे बायकांनी. पुरुष लढाईला गेले की तळाची सगळी व्यवस्था बायकांची. दरबारात राणी खानाच्या शेजारी बसायची, पडद्यामागे नाही. खान मेला आणि नवा निवडायला वेळ लागला तर त्याची विधवा राज्य चालवायची. आणि तंबूच्या उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. खानाच्या तंबूच्या उंबऱ्यावर पाय दिला तर जीव गेलाच म्हणून समजा.

मुली खुशीत येत. कुणीतरी म्हणायची, "बाई, लई भारी होतं की त्यांच्यात." तेव्हा बाईंचा आवाज खाली यायचा.

"थांब. पुढचं लिही. तंबू तिचा, गाडी तिची, बैल तिचे. आणि नवरा मेला की ती दिराची. नाहीतर सवतीच्या मुलाची. घरातली मालमत्ता घरात राहावी म्हणून. आणि राणीच्या तंबूत पहाटेपासून दूध घुसळणारी लुटून आणलेली दासी, तीसुद्धा बाईच होती, तिला तंबू नव्हता. दोन्ही लिहा. एकच लिहिलंत तर नापास करीन." आणि त्या करायच्या.

या सगळ्या बायकांत बाईंची लाडकी एकच. चंगीझखानाच्या धाकट्या मुलाची बायको. तिचं नाव वर्गात कुणाच्या जिभेवर बसलं नाही, त्यामुळे आमच्या कॉलेजात ती 'धाकटी सूनबाई' म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा नवरा लवकर मेला. थोरला दीर तेव्हा सम्राट. त्यानं स्वतःच्या मुलाचं स्थळ तिला धाडलं. स्थळ कसलं, हुकूमच. नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं नाही म्हटलंही नाही. निरोप पाठवला की हुकूम शिरसावंद्य आहे, फक्त मुलं हाताशी येईपर्यंत ती वाढवायची एवढीच मनात इच्छा आहे. सम्राटाला पुढे बोलता येईना. मुलं तिच्याजवळ राहिली, जहागीर तिच्याजवळ राहिली, आणि त्या मुलांतले दोघे पुढे सम्राट झाले.

"आणि तिच्या मुलानं गादीवर बसल्यावर विरोधी गोटातल्या विधवेला लोकरीच्या नमद्यात गुंडाळून नदीत बुडवलं," बाई त्याच सुरात पुढे सांगायच्या. "तेही लिहा."

संस्थेनं उस्मानपुऱ्यात मुलींचं वसतिगृह काढलं तेव्हा बाईंना त्याच्या अधीक्षक केलं. इमारत म्हणजे निजामाच्या कुठल्याशा अधिकाऱ्याची जुनी दगडी कोठी. दाराला गुडघाभर उंच उंबरा. उद्घाटनाला मंडप, सनई, फेटे, आणि एकमेकांना हार घालण्यासाठी जमलेली बरीच माणसं. अण्णासाहेबांचं भाषण अर्थातच बाईंनी लिहिलेलं. शेवटी हात वर करून ते म्हणाले, "आज या सभेसमोर मी शब्द देतो. या उंबऱ्याच्या आत माझीही सत्ता चालणार नाही. आतलं राज्य या लेकींचं. त्यांच्या परवानगीवाचून त्यांचा जन्मदाताही हा उंबरा ओलांडणार नाही." टाळ्या थांबेनात. अण्णासाहेबांना स्वतःलाच गहिवरून आलं. बाई मांडवाच्या टोकाला बायकांच्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या उंबऱ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो शब्द अमलात आणला. भाषणातलं वाक्य अमलात आणणं ही आमच्या संस्थेच्या इतिहासातली पहिलीच घटना. मुलीला भेटायला कुणी आलं, मग तो बाप असो नाहीतर भाऊ, की दारावरची हमीदाबी त्याला बाहेरच्या बाकावर बसवायची आणि आत जाऊन मुलीला विचारायची. मुलगी हो म्हणाली तर बाहेर यायची. नाही म्हणाली तर हमीदाबी येऊन सांगायची, "नै बोली. कल आना." खेड्यातून एसटीनं आलेले बाप खवळायचे. एकानं विचारलं, "माझीच पोरगी अन मलाच परवानगी?" हमीदाबीनं पानाची पिंक टाकून सांगितलं, "तुमारी पोरगी घर में. यहाँ उसका घर है."

गंमत म्हणजे मुली सहसा नाही म्हणायच्याच नाहीत. नाही म्हणता येतं एवढ्यावरच त्यांची छाती वर आली होती.

त्यांत गंगापूरकडची इंदू होती. उसाच्या मोठ्या बागायतदारांची सून. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून गेला. तिचा बाप शाळामास्तर, त्यानं हट्टानं तिला पुन्हा कॉलेजात घातलं. सासऱ्यांनी जाऊ दिलं, पण नात ठेवून घेतली. शकू, तीन वर्षांची. "पोर आमची हाय. माय येईल सुट्टीला." इंदू सुट्टीला जायची आणि परत आली की आठवडाभर कुणाशी बोलायची नाही.

विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा देणारा कायदा तेव्हा नवा होता. तो गंगापूरपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचला. आणि ज्या घरात चार पिढ्यांत एकाही विधवेचं कपाळ पुन्हा भरलं नव्हतं, त्या घराला अचानक समाजसुधारणेची तहान लागली. सुनेचं धाकट्या दिराशी लग्न लावून द्यायचं ठरलं. लगेच, परीक्षेच्या आधी.

सासरे रावसाहेब हे अण्णासाहेबांचे अशील. अण्णासाहेबांना कल्पना फारच आवडली. त्यांनी बाईंना बोलावलं. मीही तिथं होतो, पगारी रजेच्या कटकटीसाठी आलेलो.

"विधवाविवाह, बाई. तोही आपल्या कॉलेजच्या मैदानावर. मंत्री येतील. तुम्ही एक झकास भाषण लिहा."

"तिला विचारलं का?"

"अहो, तिच्या कल्याणाचंच आहे. तुम्हीच शिकवता ना ते, मंगोल विधवांचं?"

"शिकवते. मोगलांच्याही आधीची, सातशे वर्षांपूर्वीची ती रीत, अण्णासाहेब. तुम्ही तिला पुरोगामी म्हणताय." मग त्या थांबल्या. "भाषण नाही लिहायची मी."

बाईंनी भाषणाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. अण्णासाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "विभागप्रमुखाची जागा पुढच्या वर्षी रिकामी होते आहे," ते म्हणाले. "वसतिगृहाचाही फेरविचार करावा लागेल. मी आपलं सांगून ठेवलं."

"ऐकलं," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलून गेल्या.

भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी 'बघतो' म्हणालो. प्राध्यापकाच्या नोकरीत याहून उपयोगी क्रियापद नाही.

त्या आठवड्यात पार्टिशनपलीकडे धाकट्या सूनबाईचा पाठ होता. अभ्यासक्रमात तो कधीच होऊन गेला होता, बाईंनी मुद्दाम पुन्हा घेतला असावा. निरोपाची गोष्ट त्यांनी नेहमीपेक्षा सावकाश सांगितली. संपल्यावर खडू खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग इंदूचा आवाज.

"बाई, तिची लेकरं कुणापाशी होती?"

"तिच्यापाशी."

"मग जमलं तिला."

माझ्याही वर्गातली मुलं माझ्याकडे न बघता पार्टिशनकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "हो. तुझं बरोबर आहे," आणि घंटा होण्याआधी वर्ग सोडला.

त्यानंतर दोन-तीन वेळा ती जीप दिसली. कॉलेजच्या फाटकासमोर, लिंबाखाली उभी. कुणी उतरत नसे. ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला. इंदू वर्गातून निघाली की जीप तिच्या मागं सावकाश उस्मानपुऱ्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. बाई इंदूबरोबर चालू लागल्या. छत्री मिटलेली, हातात काठीसारखी धरलेली. मुली कुजबुजायच्या बंद झाल्या. स्टाफरूममध्ये पेढे आले तरी बाईंनी कुणाला काही विचारलं नाही, आणि ते फारच वाईट लक्षण होतं.

रविवारी दुपारी अण्णासाहेबांची मोटार माझ्या दाराशी आली. "चला धारूरकर, वधूवरांना बघून घ्या. भाषणात जिव्हाळा येईल."

वसतिगृहासमोर जीप उभी होती. रावसाहेब उतरलेले. उंच, पांढरा फेटा, करकरीत धोतर. खलनायक नव्हते ते, हे सांगितलं पाहिजे. दुष्काळात गावाला धान्य पुरवलेला माणूस. आपल्या घरचं आपल्या घरात राहावं, यात वाईट काय हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. मागं दोन दांडगे गडी, आणि धाकटा मुलगा, मिसरूड फुटलेला, जीपच्या टपाला धरून उभा. आणि जीपच्या पुढच्या सीटवर, नवं परकर-पोलकं घातलेली शकू.

पोरीला बघून मला कळलं. सूनबाईला न्यायला गळ आणला होता.

बाई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या, जणू भेटीला आलेला बाप.

"बाई, आमची सून हाय. बोलवा तिला," रावसाहेब म्हणाले.

"विचारते." त्यांनी मान वळवली. "हमीदाबी."

हमीदाबी आत गेली. आम्ही सगळे उन्हात उभे. वर गॅलरीत मुली आल्या होत्या. हमीदाबी परत आली. "मिलना नै बोली."

रावसाहेबांनी गड्यांकडे पाहिलं नाही, पण गडी दोन पावलं पुढं आले. सुनेनं नोकरांदेखत नाही म्हणावं, हे रावसाहेबांच्या कानांना नवीन होतं.

"बाई," अण्णासाहेब म्हणाले, "पुरे झालं आता. त्यांना आत जाऊ द्या. मी सांगतोय."

"उंबऱ्याच्या आत तुमची सत्ता नाही, अण्णासाहेब. सभेत शब्द दिलाय तुम्ही. रावसाहेब पहिल्या रांगेत होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या."

"ते भाषण होतं, बाई."

"माहीत आहे. मीच लिहिलं होतं."

गॅलरीत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णासाहेब लाल झाले. आता गड्यांना खूण होणार असं मला वाटलं. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्या उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या. काटकुळी बाई, आणि हातात एक छत्री.

पण रावसाहेबांनी गड्यांना मागं केलं. "आमच्या घरान्यात कुनी बायांच्या घरात घुसलेलं नाय," ते म्हणाले, "आनि मी घुसनार नाय." ते अण्णासाहेबांच्या शब्दाला मानून थांबले नव्हते, स्वतःच्या मानासाठी थांबले होते. फेट्याला शोभेल असाच मार्ग त्यांनी काढला. जीपकडे वळून म्हणाले, "शकू, उतर. जा, मायला म्हन, आबा बोलावतेत. घरी जायचंय म्हन."

पोरीला खाली उतरवलं. ती चालत आली. बाई दारातून बाजूला झाल्या. पोरीनं मान वर करून छत्रीकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. तो तिच्या पोटापर्यंत येत होता. तिनं त्यावर पोट टेकलं, एक पाय टाकला, परकर अडकला, सोडवला. कुणीही मदत केली नाही. मग पोर पलीकडे धपकन उतरली आणि आत पळाली.

आम्ही वाट बघत राहिलो. आतून ना रडणं, ना बोलणं.

बऱ्याच वेळानं रावसाहेब म्हणाले, "पोरगी कुठंय?"

"आत. आईजवळ."

"पाठवा तिला."

"विचारते," बाई म्हणाल्या.

तेव्हा रावसाहेबांना आपण काय केलं ते समजलं. चेहरा आधी पांढरा झाला आणि मग काळा. "पोरगी आमची हाय," ते म्हणाले, पण त्यांचा पाय जागचा हलला नाही, कारण आताच चारचौघांत बोललेलं वाक्य त्यांच्या आणि उंबऱ्याच्या मधे उभं होतं.

हमीदाबीला आत जावं लागलं नाही. इंदूच आली. डोक्यावरून पदर, कडेवर पोर. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "मामंजी, तुमचा शब्द मी मोडत नाय. फकस्त लेक माझ्या हाताखाली मोठी होऊ द्या. मग काय ते बोलू."

पाठातला शब्द एकही चुकला नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या इंदूकडे बघत नव्हत्या. त्या जीपच्या टपाला धरून उभ्या असलेल्या मुलाकडे बघत होत्या.

"काय रे बाळा," त्या म्हणाल्या, "तुला विचारलं का?"

मुलगा दचकला. सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं बापाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, मग आपल्या नव्या बुटांकडे.

"नाय," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "ती माझी वैनी हाय, आबा. तिनं मला न्हाऊ घातलंय."

रावसाहेबांनी फेटा काढला, हातात धरला, पुन्हा घातला. जीपमध्ये चढताना म्हणाले, "बघून घेऊ," पण ते कुणाला उद्देशून होतं कळलं नाही. जीप वळली. तिची धूळ बसेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग बाकावर बसल्या आणि हमीदाबीला म्हणाल्या, "पाणी."

हे इथं संपलं असतं तर बाईंचा पुतळा झाला असता, आणि तो त्यांना आवडला नसता. महिनाभर जीप रात्रीबेरात्री रस्त्यावरून जायची आणि बाई वसतिगृहाच्या दारात खाट टाकून झोपायच्या. शकू मुलींच्यात राहिली, नियमाविरुद्ध. इंदूनं परीक्षा दिली, दुसऱ्या वर्गात आली, जालन्याला शाळेत लागली आणि पोरीला घेऊन गेली. जमिनीच्या वाट्याचा दावा पुढं बरीच वर्षं चालला म्हणतात. बाईंकडून वसतिगृह काढून घेतलं गेलं. विभागप्रमुख झाला तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. त्याच्या सत्कारात पेढा हातात घेऊन बाई म्हणाल्या, "अभिनंदन." पुढचा प्रश्न विचारला नाही. तो मात्र मान खाली घालून उभा राहिला.

अण्णासाहेबांनी मला विचारलं नाही आणि मी भाषण लिहिलं नाही. त्यांची पुढची भाषणं ऐकवत नसत.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या निवृत्त झाल्यावर. उस्मानपुऱ्यात आता दुकानं झाली होती, कोठीला रंग दिला होता, उंबरा तोच. मी रस्त्यानं चाललो होतो. दाराशी, उन्हात, काळी छत्री उघडून बाई उभ्या. पाठ वाकलेली. हमीदाबी म्हातारी झाली होती तरी स्टुलावर होतीच, आणि दोघींचं काहीतरी चाललं होतं.

"अंदर आव ना बाई. तुमाराच होस्टल है. शकूच तो है, कौन परायी है?"

"माझं नाही ते. तिचं आहे. आधी विचारून ये."

हमीदाबी पुटपुटत आत गेली. मी जवळ गेलो. "शकू इथं शिकते?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षाला आहे. इंदूनं कळवलं. म्हटलं बघून यावं." त्यांच्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. एवढ्या लांबून त्या सिटी बसनं आल्या होत्या.

हमीदाबी परत आली. तिचा चेहरा ओशाळलेला. "बाई, कल उसका पेपर है. आज नै बोली. परसों आव बोली."

मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभर तिथं काहीच नव्हतं. मग त्यांनी बरणी हमीदाबीच्या हातात दिली, छत्री नीट केली आणि माझ्याकडे वळल्या.

"नाही म्हणाली," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच पेढे वाटायला निघालेल्या माणसासारख्या दिसत होत्या. "धारूरकर, ऐकलंत? मला नाही म्हणाली ती."

आणि बस स्टॉपकडे चालू लागल्या.